भूपालअण्णांचा वाईट हिरा

"हलायचं न्हाय! कुनीबी हलायचं न्हाय! हाय तितं हुबं ऱ्हावा, हिरा पडलाय!"

भर सकाळी, भर गुजरीत, म्हणजे आमच्या सराफांच्या गल्लीत, भूपालअण्णा रस्त्याच्या मधोमध हात पसरून ओरडले आणि कोल्हापूर थांबलं. रिक्षावाला ब्रेकवर पाय ठेवून गोठला. अंबाबाईच्या दर्शनाला निघालेल्या बायका एक पाय उचलून तशाच राहिल्या. कडेला बसलेल्या म्हशीने रवंथ थांबवला, हे मी देवीच्या पायरीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. माझा मुलगा प्रसाद गुडघ्यांवर बसून फरशीच्या फटी चाचपू लागला, कारण हिरा त्याच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी, जयसिंगपूरच्या स्नेहलसाठी, पाहिलेला होता. सराफ शेठ दुकानाच्या पायरीवर कपाळाला हात लावून उभे होते.

बराच वेळ गेल्यावर शेठच म्हणाले, "अण्णा, जरा मूठ उघडा."

अण्णांनी मूठ उघडली. हिरा तळहातावर होता.

दुसरा कोणी असता तर लाजेने रंकाळ्यात उडी घेतली असती. अण्णांनी घसा साफ केला आणि पुकारा केला, "लक्ष द्या! हिरा गावलेला हाय. वाहतूक चालू करा!"

भूपालअण्णा मगदूम हे आमचे शेजारी. मूळचे जयसिंगपूरकडचे, एकटे, आता निवृत्त. जन्मभर एसटी स्टँडवर गाड्या पुकारत होते. माइक नावापुरता. अण्णांनी "गारगोटी, फलाट चार" म्हटलं, की गारगोटीतली माणसं गारगोटीतच पिशव्या उचलून चार नंबरचा फलाट शोधू लागत. एकदा त्यांना सर्दी झाली, तर निम्मा जिल्हा घरी राहिला. फक्त एका गाडीला त्यांचा आवाज मऊ व्हायचा. नेसरीची गाडी लागली, की हा माणूस माइकवर ओठ टेकवून, बाळाला झोपवल्यासारखा म्हणायचा, "नेसरी... सावकाश चढा... पायरी जपून." ड्रायव्हर लोक चेष्टा करायचे, अण्णा, नेसरीच्या गाडीत काय अंडी भरल्यात व्हय? अण्णा म्हणायचे, "त्यो रस्ता खराब हाय."

आणि अशा माणसाला छंद कशाचा, तर हिऱ्यांचा. विकत घेण्याचा नव्हे. दुसऱ्याला घेऊन देण्याचा. आमच्या पेठेत कोणाचाही साखरपुडा ठरला, की भटजींच्या आधी अण्णांकडे निरोप जातो. लोक विचारतात, "अण्णा, हिरा चांगला कुठं मिळंल?" अण्णा डोळे मिटून म्हणतात, "कुठं ते न्हाय. कवा बघायचा ते इचारा."

कारण हिरा दुकानात बघायचा नसतो. "दुकानातला उजेड दुकानदाराचा असतोय, पावणं. त्यात माजं टक्कल बी चमकतंय. देवाच्या उजेडात बघा." म्हणून ते हिरा घेऊन रस्त्यावर येतात, सकाळच्या उन्हाकडे पाठ करतात, अंगाची सावली हिऱ्यावर पाडतात आणि त्या सावलीतही तो जागा राहतो का बघतात. मग फुंकर. फुंकरीची वाफ हिऱ्यावर धरली तर काच, लगेच उडाली तर हिरा. ही फुंकर मात्र आम्हाला मारू देत नाहीत. "तुमी तांबडा रस्सा हाणणारी माणसं. हिरा लाल हुईल."

प्रसादने सुरुवातीला मोबाइल काढून सांगितलं होतं, की हिरा ऑनलाइन घेऊ, कुरिअरने घरी येतो.

"कुरिअरनं? काच हाय, जपून असं वर लिवून?"

"अण्णा, सर्टिफिकेट असतं त्याला."

"सर्टिफिकेट तर आमच्या डेपोत ब्रेक न लागनाऱ्या गाडीला बी असायचं."

मग प्रसादने प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांची गोष्ट काढली. अण्णांनी त्याच्याकडे अशा करुणेने पाहिलं, की पोरगं जत्रेत हरवलंय असं मला वाटलं. "लॅबमधला हिरा म्हंजे बॉयलर कोंबडी. मी खात न्हाय, पर मला कळतंय की."

तर असे आम्ही गुजरीत गेलो होतो, आणि तो हिरा पडला, म्हणजे पडला नाही.

पण खरी परीक्षा पुढेच होती. अण्णांचा शेवटचा नियम असा, की पसंत पडलेला हिरा लगेच अंगठीत बसवायचा नाही. तो सुटाच घरी आणायचा, चार रात्री देव्हाऱ्यात ठेवायचा आणि घराला लाभतो का बघायचं. जुन्या लोकांत हे असायचंच. नीलम म्हणा, हिरा म्हणा, खडा धार्जिणा पाहिजे. शेठही ओळखीवर देतात. पण अण्णांच्या हाताखाली या रिवाजाचं पोलीस ठाणं झालेलं होतं. त्या चार रात्री घरात काहीही घडलं, तरी संशयित हिराच. दूध उतू गेलं, हिरा. पोराला मार्क पडले, हिरा. मागच्या गल्लीतल्या शिंद्यांकडे हिरा आला आणि शिंदेकाकूंचा गुडघा दुखायचा थांबला. काकूंनी तो हिरा सुनेला द्यायलाच नकार दिला. अजून कमरेला बांधून फिरतात आणि जिने दोन दोन पायऱ्या चढतात.

अण्णांच्या खिशात हुपरीची एक छोटी चांदीची डबी असते. गिऱ्हाईकाचा हिरा उन्हात धरला, की ते दुसऱ्या हाताने ती डबी उघडतात, आत बघतात, परत गिऱ्हाईकाच्या हिऱ्याकडे बघतात आणि डबी मिटतात. कोणाला दाखवत नाहीत. मी एकदा त्यांना आमच्या कट्ट्यावर बसलेलं गाठून विचारलंच.

"वाईट हिरा हाय त्यात," ते म्हणाले. "नमुना. वाईट कसा असतोय ठावं असल्याबिगार चांगला कळत न्हाय."

"तुमच्याकडं कसा आला?"

त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा माणसाच्या आवाजात बोलले. एसटीत नुकते लागले होते तेव्हा. मुलगी शिरोळ तालुक्यातल्या एका खेड्यातली, कुसुम नाव. बघायला गेले. तिने पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि एकच प्रश्न विचारला, "तुमी रोज एवढ्या मोठ्यांदा बोलता?" अण्णांनी "न्हाय!" म्हणून असं ठणकावलं, की माळवदावरची कबुतरं उडाली. कुसुम पदर तोंडाला लावून आत पळाली. आतून किती तरी वेळ तिचं हसणं ऐकू येत होतं.

"ते हसनं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी डबीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "सोयरीक ठरली. हिरा घेतला. तिच्या घरची म्हनत हुती, सरळ अंगठी करून घाला. मीच शाना. म्हनलो, न्हाय, चार रात्री तुमच्या देव्हाऱ्यात ठिवा, लाभतोय का बघा. दुसऱ्याच रात्री तिचा आज्जा गेला. हिरा परत आला. मागनं सोयरीक बी."

"आणि कुसुम?"

"नेसरीला दिली. किराणा दुकान हाय त्यांचं. म्हायेरला येताना कोल्हापुरात गाडी बदलायची." त्यांनी डबी खिशात टाकली. "हिराच वाईट हुता, शिवा."

मी नेसरीच्या गाडीबद्दल काही बोललो नाही. मी कितीही वाचाळ असलो, तरी काही ठिकाणी मलाही थांबा असतो.

आता आमच्या हिऱ्याचं ऐका. पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या हिने, मंगलने, वाळलं खोबरं आणि मिरच्या मिक्सरला लावल्या, तर मिक्सरने धूर सोडून प्राण सोडला. शेजारच्यांनी अग्निशामक दलाला फोन केला असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी मंगल न्हाणीत घसरली आणि तिचा घोटा भोपळ्याएवढा सुजला. भोपळा म्हणजे मध्यम भोपळा, पण भोपळाच.

आमची आत्ती, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, आमच्याकडेच असते. ती टपून बसली होती. "हिरा निस्तं निमित्त," ती जपमाळ ओढत म्हणाली. "पोरगीच धार्जिनी न्हाय. अजून उंबरा वलांडला न्हाय तर सासूचा पाय मोडला. जयसिंगपूरला पोरीच्या घरी फोन लाव. म्हनावं, थांबा."

प्रसाद आधी हसला. मग आत्ती हसत नाही हे बघून त्याने हसू आवरलं. मंगल म्हणाली, "माझा पाय आहे, मला विचारा की," पण आत्तीपुढे आमच्या घरात पायालाही मत नसतं. आणि मी? मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. ठरलं इतकंच, की चौथी रात्र जाऊ दे, सकाळी भूपालअण्णा येतील, काय ते सांगतील. अण्णांनी हिरा वाईट ठरवला, की आत्ती फोन लावणार. आणि अण्णा काय ठरवणार, हे पेठेतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. लचकलेल्या घोट्यापुढे कुठला हिरा वाचतो?

चौथ्या रात्री प्रसाद जेवला नाही. स्नेहलला काय सांगू, एवढंच आईला विचारत राहिला.

सकाळी अण्णा आले. टोपी, कोट, डबी, सगळं जागच्या जागी. आत्तीने चौकात पाट मांडून ठेवला होता, कोर्ट बसावं तसा. तेवढ्यात दारात कोणी तरी उभं राहिलं.

स्नेहल होती. प्रसादने फोनवर आईच्या पायाचं सांगितलं होतं, बाकीचं सांगायला त्याची जीभ रेटली नव्हती. पोरगी पहिल्या गाडीने निघून आली होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात दुखण्याच्या तेलाची बाटली. "आईंसाठी आणलंय," ती म्हणाली. मग तिने आत्तीचं तोंड पाहिलं, पाट पाहिला, देव्हाऱ्यातून काढून ठेवलेला हिरा पाहिला. कोणीच "ये" म्हणालं नाही. तिने एक चप्पल काढली होती. दुसरी काढावी, की पहिली परत घालावी, हे तिला कळेना. तशीच उभी राहिली.

अण्णा तिच्याकडे बघत होते.

"कुठल्या गाडीनं आलीस?" त्यांनी विचारलं.

"सांगली-कोल्हापूर. उभ्यानं आले."

अण्णांनी मान हलवली. हिरा उचलला आणि उन्हात गेले. पाठ केली, सावली पाडली, फुंकर मारली. मग खिशातली डबी काढली आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. आतला हिरा काढून आमच्या हिऱ्याशेजारी तळहातावर ठेवला. सगळ्यांच्या देखत. मी अगदी जवळ होतो. मला तर दोन्हीत तिळाचा फरक दिसला नाही. दोन्ही सारखेच लखलखत होते.

त्यांनी एकदा तळहाताकडे पाहिलं, एकदा दारातल्या पोरीकडे. मग असे गरजले, की आत्तीच्या हातातली जपमाळ पडली.

"हिरा चांगला हाय!"

"आनि मंगलचा पाय?" आत्ती म्हणाली.

"तुमच्या न्हानीत शेवाळ हाय! शेवाळाला हिऱ्याची काय गरज?"

"आनि मिक्सर?"

"एवढ्या मिरच्या घातल्यावर रोडरोलर बी जळंल! आनि त्या पोरीचा ह्यात काय संबंध? ती जयसिंगपुरात, मिक्सर हितं. तिनं काय तारंतनं धक्का दिला व्हय?"

"अवो, पर तुमीच तर जन्मभर..."

"मी सांगतोय न्हवं!" अण्णा ओरडले. "चांगला हाय म्हंजे चांगला हाय!"

आत्ती गप्प झाली. मी आत्तीला गप्प झालेलं पाहिलेला पेठेतला पहिला माणूस.

मग अण्णा दाराकडे वळले. आणि जो आवाज मी फक्त स्टँडवर, एकाच गाडीसाठी ऐकला होता, त्या आवाजात म्हणाले, "ये, बाळ. सावकाश. उंबरा जपून."

स्नेहलने दुसरी चप्पल काढली.

आत मंगलचा पाय स्नेहलच्या मांडीवर गेला, तेलाचा वास घरभर पसरला. प्रसाद उगाचच दोघींना पाणी आणून देत होता, तांब्यामागून तांब्या. आत्तीने डबा उघडून बघितला आणि धपाटे बरे झालेत, असं भिंतीला सांगितलं.

मी बाहेर कट्ट्यावर आलो. अण्णा बसले होते. आमचा हिरा त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि दुसरा डबीत. या वेळी डबी लगेच मिटली नाही. उघड्या डबीत ऊन पडलं होतं.

मी शेजारी बसलो. राहवेना, म्हणून विचारलं, "अण्णा, मग तुमचा हिरा? तिचा आज्जा गेलाच की त्यात."

अण्णांनी डबी मिटली.

"आज्जा नव्वदीचा हुता," ते म्हणाले.