न्हाणीच्या दाराची मोहीम

शके १८७७, मन्मथनाम संवत्सरी, वैशाखमासी, नागपूर शहरी, महाल पेठेत, एका न्हाणीस दार कैसे लाभले, ते वर्तमान सावधचित्ते ऐकावे.

राजश्री मार्तंडराव, सचिवालयातील हेडक्लार्क, फायलींचे दर्यासारंग. यांचे अंगणी बिनछपराची न्हाणी होती, आणि तीस दाराऐवजी तरटाचा पडदा होता. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती यमुताई चार वर्षे एका हाती तांब्या आणि दुसऱ्या हाती पडदा धरोन स्नान करीत, आणि रावसाहेब दाराचा मामला विचाराधीन ठेवीत. मग एके सकाळी उष्ण वाऱ्याने हल्ला केला, तरट उडोन शेजारी दत्तोपंतांचे कुंपणावर गेले, आणि बाई ओले लुगडे लपेटोन कोपऱ्यात बसल्या, लाजेने डोळा पाणी आले, आणि लेक चारुलता चादर आणीतो घटका लोटली. बाहेर येताच बाईंनी फर्मान सोडले जे, दार लागेतो चूल पेटणार नाही.

रावसाहेबांचे शौर्य दुपारच्या भुकेपावेतो टिकले. मग सीताबर्डीचे बाजारावर स्वारी केली. टिनाचे दार पाहिले, ते तापते म्हणोन नामंजूर. सागवानी पाहिले, ते गावठी म्हणोन नामंजूर. आणि मग मोठ्या साहेबांचे बंगल्यात होती तैसी धुरकट काच दृष्टीस पडली आणि स्वारी जागीच विरघळली.

"आरपार दिसणार नाही नं?" यमुताईंनी पुसले. रावसाहेबांनी अभय दिले.

कवडू सुताराने काच बसविली. बाईंनी हुकूम केला जे, पहिले स्नान धन्यांचे. रावसाहेब आत शिरले, आणि त्यांचे पाठीमागून सूर्यनारायण वर आले, आणि काचेवर रावसाहेब पोटासकट उमटले. दत्तोपंतांचे अवघे गोत कुंपणाशी जमले. कवडूने अदबीने अर्ज केला, "रावसाहेब, डावी काख धुवाची राह्यली नं जी!"

आत तांब्या पडला. मग क्षीण आवाज आला, "चारू, चादर आण वं!"

तिसरे दिवशी तह झाला: सागवानी फळ्या, आतून लोखंडी कडी. फळ्या बाईंनी जातीने ठोकोन पारखल्या. मग भर उजेडी आत गेल्या, कडी घातली, आणि चार वर्षांत प्रथमच दोन्ही हातांनी न्हाल्या.

"यमू, काहून उशीर करून राहिली वं? कचेरी आहे मला!" रावसाहेब बाहेरून विनविते झाले. आतून तांब्यामागून तांब्या ओतल्याचा आवाज तेवढा आला.

ऐसे वैशाख वद्य पंचमीस, बुधवारी, दार फत्ते जाहले. रावसाहेब कचेरीस पाऊण तास उशिरा रुजू झाले, आणि रजिस्टरी कारण लिहिले: घरगुती.