इंधन, ऑक्सिजन आणि प्रमुख पाहुणे

कोणत्याही नव्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: इंधन, ऑक्सिजन आणि प्रमुख पाहुणे. पहिल्या दोन नसल्या तरी कार्यक्रम होऊ शकतो.

पलूसच्या अंकिताला हे माहीत नव्हते. मेंढपाळ कोंडीबाची ही मुलगी विश्रामबागेत इंजिनिअरिंग शिकली आणि बापाच्या माळावर, मेंढरांच्या वाड्यापासून दोनशे पावलांवर, तिने रॉकेटचे इंजिन उभे केले. उसाच्या मळीपासून काढलेल्या इथेनॉलवर चालणारे. त्यात ज्योत कड्यासारखी गोल फिरते, म्हणून कमी इंधनात जास्त जोर मिळतो. (आम्हाला हे दोनदा समजावण्यात आले. दोन्ही वेळा आम्ही माना डोलावल्या.) चाचणी बघायला बेंगळुरूहून दोन तज्ज्ञ येणार होते. ज्योत सलग दहा सेकंद टिकली तर तिला तिथल्या प्रयोगशाळेत जागा. नाहीतर तीन वर्षांची मेहनत भंगारात.

स्वागत समितीचा सचिव या नात्याने मी तातडीने मंडप घातला.

सकाळी दहाला टाकीत द्रवरूप ऑक्सिजन भरला, तीस सेकंद पुरेल एवढा. हा पदार्थ अतिथंड पण चंचल आहे. ताटकळत ठेवला की वाफ होऊन निघून जातो. (श्रोत्यांना ही सोय नसते.)

साडेबारापर्यंतची प्रगती: शाली चौदा, भाषणे नऊ, ज्वलन शून्य.

"काका, ऑक्सिजन उडून चाललाय," अंकिता माझ्या कानाशी म्हणाली. "बाराच सेकंदांचा उरलाय."

"पोरी, पाहुणे बसलेत की नाही निवांत? मग त्यालाच कसली घाई?"

तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते आनंदाश्रू असल्याची नोंद मी इतिवृत्तात घेतली.

प्रमुख पाहुणे दिग्विजयराव तेव्हा मंगळावरच्या ऊसशेतीवर बोलत होते. कोंडीबा हात जोडून स्टेजखाली उभा राहिला.

"आवं सायब, लय बोललासा. माझ्या लेकीचं भांडं रिकामं व्हायलंय."

"दोनच मिनिटं!" साहेब म्हणाले, आणि त्यांनी शनी ग्रहाला हात घातला.

कोंडीबाने मान हलवली, शांतपणे गेला आणि वाड्याचे फाटक उघडले.

दोनशे मेंढरे झेंडूच्या वासावर मंडपात शिरली. हार संपले, मग पुष्पगुच्छ. दिग्विजयराव फेटा सावरत शेजारच्या उसात दिसेनासे झाले. माइक प्रथमच मोकळा झाला आणि अंकिताने बटण दाबले.

माळ थरथरला. निळी ज्योत गरगर फिरू लागली. कोंडीबा बोटांवर मोजत होता. "आठ... नऊ... धा... अकरा..." ज्योत विझली. तो लेकीकडे वळला.

"टिकली का गं?"

"टिकली, आबा!"

आज अंकिता बेंगळुरूत आहे. गेल्या महिन्यात तिचे नवे इंजिन चाळीस सेकंद पेटले. त्याची चित्रफीत आजवर एकोणीस वेळा पाहिली गेली, त्यांतल्या सतरा वेळा कोंडीबाने. मेंढरांपुढे धावणाऱ्या साहेबांची मात्र चार लाखांवर गेली. आपणही ती सकाळी पाहिलीत आणि दुपारी तीन ग्रुपवर पाठवलीत. (नाही म्हणू नका.) विज्ञानप्रसारातील या योगदानाबद्दल समितीने आपला जाहीर सत्कार ठरवला आहे. येताना दोन फोटो आणि आधार कार्डाची प्रत आणावी.