घैसासांची दरी

प्रिय ईशान आणि रेवा,

दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, अंगणात पालथे पडलेले ते आजोबा कोण? मी रागात होते. "कोणी नाही" म्हणाले. ते उत्तर बरोबर नव्हतं, म्हणून लिहिते.

ते घैसास. पुण्यात मुलं दिवाळीला मातीचा किल्ला रचतात. आमचे घैसास पंपाच्या खोलीमागे खाली खणतात. खड्डा म्हटलेलं खपत नाही. "दरी म्हणा, वहिनी. राष्ट्रीय उद्यान आहे." मुलाने त्यांना आणि त्यांच्या बायकोला, सुमतीवहिनींना, एकदा अमेरिकेत नेऊन कोलोरॅडोतली ब्लॅक कॅनियन ही दरी दाखवली, तेव्हापासून सिंहगडही त्यांना सपाट वाटतो.

कडे सरळ हवेत म्हणून ओळंबा लावतात. तळाशी ऊन जेमतेम पोचलं पाहिजे, म्हणून भर दुपारी पालथे पडून बघतात. नदीसाठी रबरी नळी. एकदा ती रात्रभर चालू राहिली आणि ऐन अभ्यंगस्नानाला टाकी कोरडी! सोसायटीची चेअरमन मी, त्यामुळे बोलणी मला.

मुलं विचारतात, "आजोबा, महाराज कुठे बसवायचे?"

"महाराज आपल्या गडावर. इथे फक्त पर्यटक. आणि मावळ्यांच्या तलवारी काढून घ्या, उद्यानात चालत नाहीत."

यंदा अंगणात फरश्या घालायचं ठरलं. मी सांगायला गेले, "अहो घैसास, सोमवारी माणसं येणार. त्याआधी हे बुजवा."

"राष्ट्रीय उद्यान बुजवत नाहीत."

"मग फरश्या काय तुमच्या नदीवर तरंगवू?"

ते काड्यापेटीतल्या काड्या कड्याच्या टोकाला ओळीने रोवत होते. काड्यांच्या मागे मातीची एक गवळण उभी होती.

"हा कठडा," ते म्हणाले. "सुमतीला उंचीची भीती. तिथे ती गाडीतच बसून राहिली. मी खेकसलो, एवढ्या लांब येऊन गाडीत काय बसतेस! मी परत आल्यावर तिने विचारलं, कशी होती हो दरी? म्हटलं, स्वतः बघायची होतीस."

सुमतीवहिनी त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी गेल्या.

"सांगायचं राहिलंच," घैसास म्हणाले, आणि पुढची काडी रोवली.

मी घरी आले. कंत्राटदाराला फोन करून कामाचा नकाशा बदलून घेतला. सभासद कारण विचारतात. मी नियम सांगते, असा नियम नसला तरी.

आता सगळ्या अंगणात फरश्या आहेत. पंपाच्या खोलीमागे माती आहे, दरी आहे, आणि कठड्यापाशी सुमतीवहिनी उभ्या आहेत.

— आजी