इनासकाकांचा कप

इनासकाका कॉफी प्यायल्याशिवाय काहीही विकत घेत नसत. काहीही म्हणजे काहीही! छत्री असो, पितळी घागर असो, की कुणाच्या पोराचं बाप्तिस्म्याचं झबलं असो. आधी वस्तू दुकानातून उचलून पापडी गावच्या बाजारातल्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात आणायची, संगमरवरी टेबलावर उजेडात ठेवायची, जायफळाची कॉफी मागवायची आणि घोट घोट घेत तिच्याकडे बघत बसायचं. शेवटच्या घोटापर्यंत आवडत राहिली तर घ्यायची. मधेच खटकली तर कप अर्धा टाकून वस्तू परत.

"दुकानात दुकानदार बोलतो, मास्तरा," ते मला सांगत. "इथं वस्तू स्वतः बोलते. कप रिकामा, सौदा पक्का."

दुकानदार त्यांना माल बिनदिक्कत बाहेर नेऊ देत, कारण अर्ध्या गावाची लग्नाची खरेदी काकांच्या हातून व्हायची. एवढा केळीच्या वाडीत राबणारा माणूस, बोटांवर चिकाचे काळे डाग, पण रेशमाचा पदर चिमटीत धरला की डोळे मिटून खोट सांगायचा. स्वतःचं लग्न मात्र केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणत, "बघता बघता कॉफी निवली."

निवलेल्या कॉफीचं त्यांना वावडंच होतं. वर साय धरली की अंगावर काटा यायचा. बोटानं ती अलगद उचलून बशीच्या काठाला पुसायची आणि मगच कपाला तोंड लावायचं.

मी गावच्या शाळेत मास्तर आणि काकांचा शेजारी, म्हणून बाजाराला सोबतीला मी ठरलेला. एकदा नाताळासाठी त्यांनी काळे बूट आणले होते. ते टेबलावर ठेवलेले पाहून गल्ल्यावरच्या शेटनी तोंड फिरवलं. कपात दोन घोट उरले असताना अर्नाळ्याचा कुणी ओळखीचा दारात दिसला, म्हणून काका तेच बूट पायात सरकवून उठून गेले. मी वर्तमानपत्रात डोकं घालून बसलो होतो. माझाच समजून त्यांचा कप मी संपवला.

काका आले. कपात बघत राहिले.

"बूट चावतात," ते म्हणाले.

"मग परत करा की!"

"कप रिकामा आहे."

अहो, पण तो मी प्यालो, असं मी परोपरीनं सांगितलं. काका ढिम्म हलले नाहीत. "कोण प्यालं ते कप विचारत नाही," म्हणाले आणि बूट घेतले. पुढची दोन वर्षं दर रविवारी ते मिस्साला लंगडत यायचे. पाद्रीबाबांना वाटायचं संधिवात आहे, म्हणून ते त्यांना पुढच्या बाकावर बसवायचे. आणि मी मागच्या बाकावर शरमेनं मान खाली घालून!

असा हा माणूस. आता रोझाच्या लग्नाचं सांगतो.

रोझा त्यांची पुतणी. आईबाप तापात गेले तेव्हा तीन वर्षांची होती. काकांनी एकट्यानं वाढवली. वेणीसुद्धा स्वतः घालायचे, एक वर, एक खाली. तिचं लग्न ठरलं ते नागपूरला रेल्वेत असलेल्या मुलाशी. लग्न आठवड्यावर आलेलं आणि लुगडं अजून घ्यायचं होतं. कापड आज हातात पडलं नाही तर चोळी वेळेवर होणार नाही, असं शिंप्यानं बजावलं होतं.

त्या दिवशी रोझाही आली होती. टेबलावर लालभडक रेशमी लुगडं. दुकानातल्या दुकानात तिच्या डोळ्यांत पसंती दिसली होती. काकांनी पहिला कप दोन घोटांवर आणला आणि ठेवून दिला. दुसरा मागवला. रंग जाईल म्हणाले, पाण्यात कोपरा बुडवला. रंग गेला नाही. काठ आखूड म्हणाले, वितीनं मोजला. काठ बरोबर होता. तिसरा कप आला. त्यावर साय धरली. काकांनी ती काढलीसुद्धा नाही.

मी वैतागलो. म्हटलं, "काका, दुपार कलली. खोट काय आहे ते एकदा सांगा."

"खोटच सापडत नाही रे, मास्तरा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कप रिकामा झाला की रोझा चालली. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःच्या वैतागाची लाजही.

रोझाला ते माझ्याआधी कळलं असावं. तिनं कप ओढला आणि अर्धा प्यायली. सगळा प्यायली असती तरी सौदा पक्का झाला असता, काकांचाच कायदा तो. पण तिनं उरलेला त्यांच्यापुढे सरकवला.

"अर्धी मी प्यायले," ती म्हणाली. "अर्धी तू प्यालास तरच मी जाईन, काका. नाहीतर लुगडं परत देऊ आणि घरी जाऊ. मी रागावणार नाही."

काका कपाकडे बघत राहिले. मग दोन्ही हातांनी तो उचलला आणि सायीसकट, थंडगार, एका दमात संपवला. बशीवर पालथा घातला.

"कप रिकामा," ते म्हणाले. पुढचे शब्द काही केल्या येईनात.

"सौदा पक्का," गल्ल्यावरून शेट हळूच म्हणाले.

काकांनी मान हलवली. ओठाला साय तशीच चिकटली होती. रोझानं ती बोटानं अलगद उचलली आणि बशीच्या काठाला पुसली.