रिकाम्या रेघेवरचा मूर्ख

सन १७११. त्या काळी लंडनात मूर्खालाही अब्रू होती आणि त्या अब्रूला कायद्याचं संरक्षण होतं. म्हणून टवाळीच्या कवितेत नाव छापायचं नाही, त्या जागी एक आडवी रेघ मारायची, अशी छापखान्यांची सभ्य चाल होती. वाचणारा घरी नेऊन शाईने नाव भरी. (लेखक-वाचकांचं इतकं सहकार्य पुढे पाहायला मिळालं नाही.)

डॉर्कस पिलिंग या विधवेच्या छापखान्यातून तिच्या धाकट्या भावाची, जेबेझची, बड्या लोकांच्या केसांच्या टोपांवरची अशीच एक कविता निघाली:

धन्य धन्य ते ———, टोप तयांचा थोर;
खाली डोके आहे का, हाच जगाला घोर!

आठवड्याच्या आत सर पेरेग्रिन स्टकली यांनी फिर्याद ठोकली, की रेघेवरचा गृहस्थ मीच. गुन्हा शाबीत झाला तर जेबेझला भर चौकात खोड्यात मान अडकवून उभं राहायचं होतं. लंडनकरांचा नासक्या अंड्यांचा नेम तेव्हा फार उत्तम होता. आदल्या वर्षी एका कवीचा डोळा गेला होता.

"ताई, मी कोणालाच डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं नव्हतं गं!"

"तिथंच चुकलास. एकाला धरून लिहायचं, म्हणजे एकच चिडतो."

दुसऱ्या दिवशी नगरसभेतले ओबाडाया ट्रँटर आपल्या दुकानाच्या जाहिराती न्यायला आले. डॉर्कसने गठ्ठा बांधता बांधता सुस्कारा सोडला.

"तुमचं वाईट वाटतं हो, साहेब. अख्ख्या शहरात कवितेत टोप आला तो सर पेरेग्रिनांचा."

"पेरेग्रिनचा? अहो बाई, घोड्याचे केस आहेत ते! माझा बघा, नुसती मान हलवली तर मेणबत्ती विझते."

"मग कोर्टात सांगा की!"

वर्णन आपल्यालाच लागू पडतं, हे फिर्यादीने सिद्ध करायचं असा नियम. सर पेरेग्रिननी अकरा साक्षीदार आणले. (पैकी दोघे न बोलावता आले.) त्यांच्या पत्नीने शपथेवर सांगितलं, "लग्नाला एकोणीस वर्षं झाली. टोपाखाली अद्याप काही सापडलेलं नाही." सर पेरेग्रिननी अभिमानाने मान डोलावली. ट्रँटरनी चौदा साक्षीदार उभे केले. मग मागच्या बाकांवरून, "आणि आम्ही काय शहाणे?" असा गलका झाला. दुपारपर्यंत एकवीस अर्ज आले. त्यांत एक धर्मगुरू होते आणि सर पेरेग्रिनांचे स्वतःचे वकीलही.

न्यायमूर्तींनी निकाल दिला: वर्णन बहुतांना लागू पडते, सबब अब्रू कोणा एकाची गेलेली नाही. (वाचताना त्यांनी स्वतःचा टोप दोनदा चाचपला.) डॉर्कसने जेबेझचे दोन्ही डोळे पुसले आणि ते जागेवर असल्याची खात्री करून घेतली.

पुढे सर पेरेग्रिन पार्लमेंटात गेले. ट्रँटरनी आणखी मोठा टोप केला आणि तो दारात अडकू लागला, तेव्हा दार पाडलं. जेबेझ स्तुतिपर कविता लिहू लागला. त्यांत कोणालाच कधी ओळखीचं माणूस सापडलं नाही.

डॉर्कस म्हातारपणी त्या कवितेच्या जुन्या प्रती गोळा करी. तीनशे बारा जमल्या. रेघेवर शेजारी होते, मेव्हणे होते, सासरे तर ढिगाने. स्वतःचं नाव भरलेली प्रत एकही नव्हती.

तुम्हीही वर ती रेघ वाचताना एक नाव भरलंतच. लाजू नका. ही कथा त्यांनीही वाचली आहे, आणि नाव भरायला त्यांना तुमच्याइतकाही वेळ लागला नाही.