बल्ब लागला तर

लग्नाची नोंदणी करायच्या आधी जोडप्याला शुद्ध पाण्याच्या टाकीत उभं करतात आणि बल्ब लागतो का बघतात. लागला तर जोडपं आयनिक, म्हणजे एकाने दिलंय आणि दुसऱ्याने घेतलंय. पाण्यात ती दोघं सुटी होतात, एक टाकीतल्या या धातूच्या पट्टीकडे ओढला जातो, दुसरा समोरच्या. मग घरचे येऊन आपापलं माणूस घेऊन जातात. नाही लागला तर सहसंयुज. सगळं दोघांच्या मधे, भागीदारीत. त्यांना प्रमाणपत्र.

शलाकाला वाटत होतं, आपला बल्ब लागणारच. कारण निनादने काय नाही दिलं तिला? नागपूरची नोकरी सोडली, लाडका कुत्रा बहिणीकडे ठेवला, मटण सोडलं. आणि हिने? घेतलं! मस्तपैकी घेतलं!

"आता मला काही देऊ नकोस हां," ती रांगेत कुजबुजली.

"पाण्याची बाटली पण नको?"

"मधे धर. दोघांनी धरायची. निन्या, मी सिरियस आहे!"

त्यांच्या पुढच्या जोडप्याचा बल्ब भक्कन पेटला. नवरी डावीकडच्या पट्टीला जाऊन चिकटली, नवरा उजवीकडच्या. तिचे काका टॉवेल घेऊन धावले. शलाका एक पाऊल मागे सरकली.

"चला, चपला बाहेर," नोंदणीच्या ताम्हाणे बाई म्हणाल्या. "घाबरतेस काय एवढी? इंजेक्शन आहे का?"

दोघं टाकीत उतरली. बाईंनी बटण दाबलं. बल्ब तसाच, काळा.

"सहसंयुज," म्हणत बाईंनी शिक्का मारला.

"नाही लागला! निन्या, नाही लागला!" शलाका उडी मारायला गेली, पण उडी मारता येईना. तिने खाली पाहिलं. गुडघ्यांखाली नुसतं पाणी होतं.

"बाई, माझे पाय!"

"विरघळताय तुम्ही. सहसंयुज असली तरी काही विरघळतात. साखर नाही का? कोणी सांगितलं नाही?"

"सगळे बल्बचंच बोलत होते!"

"पण सुटी नाही होणार हं तुम्ही. ते आयनिकवाल्यांचं."

शलाकाने निनादचा हात शोधला. कुठला आपला, कुठला त्याचा, कळेना. "आहेस ना?" असं कोणीतरी विचारलं. तिने की त्याने, तेही कळेना.

बाईंनी प्रमाणपत्र टाकीच्या काठावर ठेवलं. उडू नये म्हणून वर पंचिंग मशीन ठेवलं.

पुढची मुलगी चपला काढता काढता थबकली. "बाई, यांच्याच पाण्यात?"

"छे गं, बदलते की," बाई म्हणाल्या आणि खाली वाकून त्यांनी टाकीचं बूच काढलं.