सोनाराच्या काट्यावरची सॅक

"मावशी, जरा थांबा. आधी माझा ब्रश तोलून होऊ दे."

सोनाराचं हे बोलणं ऐकून मावशी हातातली बांगडी तशीच धरून उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षं त्या या दुकानात येत होत्या, पण सोन्याच्या काट्यावर दात घासायचा ब्रश चढलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"सोळा ग्रॅम चारशे मिलिग्रॅम," सोनार पुटपुटला. मग त्याने तार कापायची बारीक करवत उचलली, ब्रशची दांडी अर्ध्यातून उडवली आणि पुन्हा तोललं. "नऊ ग्रॅम शंभर. हां, आता कसं!"

मावशींनी गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या बायकोकडे हळूच पाहिलं. "सगळं बरं आहे ना गं?"

"रानात जायचंय त्यांना," बायको म्हणाली. एखाद्याचं दुखणं सांगावं तसा तिचा आवाज होता. "आठ दिवस."

गेल्या वर्षीही तो गेला होता. गाव नाही, दुकान नाही, असं ओसाड पठार आठ दिवसांत चालून पार करायचं होतं. सॅक होती अठरा किलोची. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजून भोपळे झाले आणि मोहिमेच्या प्रमुख बाईंनी, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, त्याला वाटेत भेटलेल्या एका मेंढपाळाबरोबर परत धाडलं. तेही त्याने गिळलं असतं. पण त्याच मोहिमेत त्याचा मेहुणा होता, आणि तो डुलत डुलत शेवटपर्यंत पोचला होता. तेव्हापासून कुठेही पंगतीला शेजारी बसले की मेहुणा विचारायचा, "भाऊजी, जेवण तरी पूर्ण करणार ना? की अर्ध्यावरून परत?" सगळे हसायचे. बायकोसुद्धा हसायची, आणि ते त्याला फार लागायचं. यंदा शेवटपर्यंत चालून दाखवायचं, नाहीतर मेहुण्यापुढे जन्मात तोंड उघडायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

सोनार शेवटी सोनारच. वजन म्हटलं की त्याचा हात थांबेना. त्याने शर्टांची लेबलं उसवली, सॅकच्या चेनच्या पट्ट्या काढल्या, टॉवेल कापून रुमालाएवढा केला. झोपायची चटई खांद्यापासून कमरेपर्यंत ठेवली आणि बाकीची उडवली.

"आणि पाय?" बायकोने विचारलं.

"पायांना काय कळतंय झोपेत?"

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून तणतणत आली. "हा चमचा आहे की चाळणी?"

"फक्त दांडीला भोकं पाडलीत. सहा ग्रॅम वाचले."

"आणि बनियन एकच? आठ दिवस?"

"उलटं घालता येतं. म्हणजे दोन झाले की."

"अहो, तंबूत शेजारी माणूस झोपणार आहे, त्याचा तरी विचार करा!"

"तुझाच भाऊ झोपणार आहे."

"मग असू दे," ती म्हणाली आणि आत गेली.

निघायच्या सकाळी सहाही जण कॅप्टनच्या अंगणात जमले. कॅप्टन बाई कमी बोलायच्या. त्यांनी आंब्याच्या फांदीला आकड्याचा काटा टांगला आणि एकेक सॅक लावायला सुरुवात केली. मेहुण्याच्या सॅकमध्ये घडीची खुर्ची होती, उशी होती, बिस्किटांचे आठ पुडे होते. बरोबर अकरा किलो भरले. मग सोनाराची पाळी आली. काटा थोडासा खाली गेला आणि थांबला.

"पाच किलो दोनशे," कॅप्टन म्हणाल्या. "काका, कमाल केलीत!"

सोनाराची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. मेहुण्याचा चेहरा उतरलेला त्याने डोळे भरून पाहिला. वर्षभराच्या अपमानाचं सार्थक झालं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात कॅप्टननी पडवीतून पोती आणि डबे ओढत आणले.

"आता सामायिक सामान. प्रत्येकाच्या पाठीवर अकरा किलो. ज्याचं जेवढं कमी, तेवढं त्याला."

"म्हणजे मला?" मेहुण्याने विचारलं.

"तुमचे अकरा झालेत. तुम्हाला काही नाही."

आणि सोनारापुढे आठ दिवसांच्या तांदळाची पिशवी येऊन आदळली. पाच किलो आठशे ग्रॅम.

सोनार फोन घेऊन फाटकाबाहेर धावला. "अगं, रिक्षा कर आणि ताबडतोब ये! माझी उशी आण, जाड स्वेटर आण, कापलेली चटई आण. इस्त्रीसुद्धा चालेल!"

"इस्त्री? रानात?"

त्याने रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, तुम्हाला तोलता येतं, पण ओझं कळत नाही. उशी आठ दिवस उशीच राहते. तांदूळ रोज खाल्ला की कमी होतो. मुकाट्याने तांदूळ घ्या."

सोनाराने कान टोचले की दुखत नाहीत म्हणतात. सोनाराच्या बायकोने टोचले की दुखतात, पण डोक्यात प्रकाश पडतो. तो परत आला आणि त्याने हसत हसत पिशवी सॅकमध्ये कोंबली.

ज्याच्या पाठीवर शिधा, त्यानेच तो मोजून द्यायचा, अशी मोहिमेची पद्धत होती. ज्या हाताने उभ्या आयुष्यात गुंजभर सोनं कुणाला जास्त दिलं नाही, तो हात त्या संध्याकाळी तांदळात कोपरापर्यंत गेला.

"घ्या हो, लाजताय काय! रानात कसलं पोट मारता?" सोनार प्रत्येकाला आग्रह करू लागला.

"भाऊजी, तुम्ही इतके दिलदार असाल असं वाटलं नव्हतं," मेहुणा तिसऱ्यांदा ताट पुढे करत म्हणाला.

"खा रे राजा, खा!" सोनार अगदी मनापासून म्हणाला. त्याला घासाघासाला पाठ हलकी होताना जाणवत होती.

दुसऱ्या दिवशी चार मेंढपाळ भेटले. त्यांनाही त्याने हाताला धरून जेवायला बसवलं. नको नको म्हणत होते, पण ऐकतोय कोण! गुडघे एकदाही कुरकुरले नाहीत. तिसऱ्या दिवशी तर तो सगळ्यांच्या पुढे, कॅप्टनच्या बरोबरीने, शीळ घालत चालत होता. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मागून मेहुणा धापा टाकत येत होता.

त्या संध्याकाळी जेवणं उरकल्यावर कॅप्टननी पिशवी हातात घेतली, उलटी केली आणि झटकली. तीन दाणे पडले.

"काका, उद्याचा तांदूळ?"

सोनार बुटांकडे बघत राहिला.

"आठ दिवसांचा तांदूळ होता हो," कॅप्टन म्हणाल्या. "तीन दिवसांत?"

मेहुण्याने तेवढ्यात एक तृप्त ढेकर दिली.

पुढे पाच दिवस माणूस नाही आणि दुकानही नाही, तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. पातळ डाळ आणि मेहुण्याची बिस्किटं पुरवून पुरवून खात सगळे तीन दिवस आल्या वाटेने मागे चालले. बिस्किटं वाटताना मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

सहाव्या दिवशी दुपारी बायकोने दार उघडलं. नवरा दारात उभा होता आणि मागे तिचा भाऊ, गालफडं बसलेला.

"हे काय? यंदाही अर्ध्यावरून परत?"

"हो," सोनार म्हणाला. "पण यंदा सगळ्यांना घेऊन आलोय."